पोखर्णीची कप्पी आणि जिनिव्हाचे अडथळे

१३ नोव्हेंबर १९७८, सोमवार

साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी माझ्या हवाली दोन वस्तू केल्या, कार्यालयाचा गोल शिक्का आणि ही डायरी. डायरी एका जिनिंगवाल्याने त्यांना जानेवारीत दिली होती. साहेबांनी दहा महिन्यांत तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही. ऑफिसातही त्यांनी फारसं लिहिलं नाही, म्हणून तर बढतीवर गेले.

नवे साहेब येईपर्यंत निर्यात साहाय्य कक्ष, परभणी, याचा प्रभारी मी, बन्सीधर पेडगावकर, वरिष्ठ लिपिक. माझ्या हाताखाली टायपिस्ट कुसुमबाई आणि शिपाई सिताराम. जिल्ह्यातल्या लहान कारखानदारांना माल परदेशी पाठवायला मदत करायची, हे आमचं काम. कक्ष उघडून चार वर्षं झाली. अजून इथून एक खिळाही परदेशी गेलेला नाही, त्यामुळे आमच्या शिफारशीत चूक निघाली अशी एकही तक्रार नाही.

शिक्का मी रोज घरी नेणार आहे. ऑफिसात ठेवला तर कुणीही उठवील. जेवणाच्या डब्यात तो पाहून नर्मदेने विचारलं, हे काय? म्हटलं, जबाबदारी. "मग भाकरीखाली ठेवत जा," ती म्हणाली, "निदान डबा घासताना तरी सापडेल." बायकोला नवऱ्याची बढती लवकर दिसत नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज पहिला अर्जदार. माणिकराव खिल्लारे, पोखर्णीचा. आयटीआय शिकलेला, दहा वर्षं परक्याच्या कारखान्यात ओतकाम केलेला, आता गावाकडे स्वतःची भट्टी. जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग ओततो आणि विहिरीवरच्या लोखंडी कप्प्या. एक कप्पी त्याने माझ्या टेबलावर ठेवली. दोरी नुसती दाखवली तरी फिरेल इतकी गुळगुळीत.

मुंबईच्या प्रदर्शनात हॅम्बुर्गच्या कुणा व्यापाऱ्याने ती पाहिली म्हणे, आणि सहाशे मागवल्या. तिकडे विहिरी नाहीत. ते लोक या कप्पीला फुलांच्या कुंड्या टांगणार आहेत. आमच्याकडे कप्पी आहे तर विहिरीला पाणी नाही, त्यांच्याकडे घरात पाणी आहे तर कप्पी हवी. असो. माल तिथे उतरवायला सरकारी शिफारसपत्र लागतं, ते द्यायचं आमच्या कक्षाने. मुदत फेब्रुवारीअखेर.

"साहेब, हे काम भेटलं तर सात मानसं वर्सभर भट्टीवर ऱ्हातेत," तो म्हणाला. "जिनिंग चार म्हयने चालतंय. बाकी आठ म्हयने भट्टी गारच. न्हाई भेटलं तर मला बी भट्टी इकून पुन्याला जावं लागतंय."

अर्ज पाहिला. सात त्रुटी दिसल्या. पहिली सांगितली, अर्ज दोन प्रतींत आहे, तीन लागतात. बाकीच्या सहा सांगितल्या नाहीत. एका भेटीत एकच त्रुटी, ही आमच्या साहेबांची शिकवण. सगळ्या एकदम सांगितल्या तर गरीब माणूस घाबरतो. त्याला बसा म्हणायचं राहून गेलं. खुर्ची होती, पण तिच्यावर मिसली, म्हणजे फायली, होत्या.

२९ नोव्हेंबर, बुधवार

दिल्लीहून लखोटा. जिनिव्हा नावाच्या गावी पाच वर्षांपासून जगभरचे अधिकारी बसून वाटाघाटी करत आहेत. पाच वर्षं एकाच विषयावर बसायचं आणि भत्ताही घ्यायचा, याला म्हणतात नोकरी. विषय असा: औद्योगिक मालाच्या व्यापारातील जकातेतर अडथळे कमी करणे.

कुसुमबाईंनी विचारलं, जकातेतर म्हणजे काय हो? मी समजावून सांगितलं. नाक्यावर पैसे घेऊन गाडी सोडतात, ती जकात. पैसेही घ्यायचे नाहीत आणि गाडीही सोडायची नाही, तो जकातेतर अडथळा.

"मग हे आपल्याला चांगलंच कळतंय की," त्या म्हणाल्या. बाई हुशार आहे. माझ्याजवळ राहून शिकली.

पत्रात परदेशांच्या करामती दिल्या आहेत. एक देश म्हणे खोक्यावरच्या चिठ्ठीची लांबी-रुंदी मोजतो. दुसऱ्या देशात परवान्याचा अर्ज महिनोन् महिने टेबलावर पडून राहतो आणि का पडला ते कुणी सांगत नाही. वाचून अंगावर काटा आला. आमच्या निर्यातदारांना कोणता देश कसा अडवतो, याचा तक्ता प्रत्येक जिल्ह्याने वीस जानेवारीपर्यंत पाठवायचा आहे. चार रकाने आहेत: अनुक्रमांक, अडथळ्याचे स्वरूप, अडथळा घालणारा देश, वाया गेलेले दिवस.

५ डिसेंबर, मंगळवार

माणिकराव तीन प्रती घेऊन आला. दुसरी त्रुटी सांगितली. शाळेच्या दाखल्यावर नाव 'माणक्या धोंड्या', जात महार, धर्म हिंदू. अर्जावर माणिकराव धोंडिबा खिल्लारे, बौद्ध. ही दोन माणसं झाली.

"साहेब, ते मास्तरनं लिवलंय. मी सा वर्साचा व्हतो. आमच्या लेकरायचं नाव तवा कोन नीट लिवायलंय? आन छपन्न सालापासून आमी बौद्ध हाव. सगळ्या जगाला म्हाईत हाय."

जगाला माहीत असेल, मिसलीला माहीत नाही. जातीचा रकाना हॅम्बुर्गला लागत नाही, जिनिव्हालाही नाही, पण नमुन्यात छापला आहे म्हणजे भरलाच पाहिजे. दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसिलीतून आणायला सांगितलं.  तो दाखल्याकडे बराच वेळ पाहत उभा होता, जणू तोही पहिल्यांदाच वाचतो आहे. मला उगीच चुकल्यासारखं वाटलं. मग चहा आला.

२१ डिसेंबर, गुरुवार

तिसऱ्या खेपेला तहसिलीतून प्रतिज्ञापत्र मिळालं म्हणे. पाहिलं, निर्दोष आहे. त्यावर 'तपासले' असा आमचा शिक्का हवा, ही तिसरी त्रुटी. नेमका आज शिक्का घरी राहिला. नर्मदेने डबा बदलला होता.

"मी सायकल घिऊन तुमच्या घरून आनू का?" माणिकरावने विचारलं. सरकारी शिक्का असा परक्या माणसाच्या हाती देतात का? पुढच्या आठवड्यात या म्हटलं.

रात्री जेवताना नर्मदेला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. "पोखर्णीहून आलेला माणूस. पाठवायचं होतं की, मीच दिला असता," म्हणाली. प्रशासन हे बायकांच्या आवाक्यातलं नाही.

२ जानेवारी १९७९, मंगळवार

नव्या वर्षाची डायरी कुणी दिली नाही. जुन्याच डायरीतली साहेबांनी कोरी ठेवलेली पानं वापरतो आहे. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितो.

प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारला. चौथी त्रुटी: कप्पीचा नमुना लाखेने मोहोरबंद करून कक्षात जमा हवा. कप्पी होती, लाख नव्हती. लाखेची मागणी वर पाठवली आहे. दरम्यान सितारामने कप्पी खिडकीच्या गजाला बांधली आणि खालच्या टपरीवरून चहाची किटली दोरीने वर ओढायला लागला. दोन जिन्यांची ये-जा वाचली, चहा गरम येतो. माल उत्तम आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. पण उत्तम असणं वेगळं आणि तपासलेलं असणं वेगळं.

१५ जानेवारी, सोमवार

दिल्लीची आठवण आली, म्हणजे स्मरणपत्र. अडथळ्यांचा तक्ता कुठे आहे? जिल्ह्यात निर्यातदार म्हणावा असा एकच, तोही अजून निर्यात न केलेला. माणिकराव लाख आली का ते पाहायला आलाच होता. त्याला छापील नमुना दिला आणि म्हटलं, ही कप्पी परदेशी पाठवताना तुम्हाला जे जे अडथळे आले ते सगळे लिहा. थेट जिनिव्हाला जाणार आहे.

"सगळे लिवू, साहेब?"

"सगळे. भीड ठेवू नका."

तो खाली लिंबाच्या झाडाखाली बसून चार वाजेपर्यंत लिहीत होता. जर्मनीने त्याला एवढं छळलं असेल याची मला कल्पना नव्हती. वर आला तेव्हा बोलण्यातून कळलं की तिकडच्या तपासणी मंडळाने एकच अट घातली होती, कप्पीने दोनशे किलो वजन पेललं पाहिजे. कुंडी टांगायला दोनशे किलो! मूर्खपणालाही काही माप असतं.

"मंग काय केलंत?" सितारामने विचारलं.

"ज्वारीची दोन पोती बांधली, आन वरून मी सोता लटकलो. कप्पीला काय झालं न्हाई. गावातल्या नव्या मास्तरनं फोटू काढून धाडला, त्यायनी मान्य केला."

१६ जानेवारी, मंगळवार

माणिकरावची दोन पानं मी कुसुमबाईंना इंग्रजीत टाइप करायला दिली. मी वाचली नाहीत. खालून येणारा कागद वाचायचा असतो, वर जाणाऱ्या कागदावर सही करायची असते.

थोड्या वेळाने बाई उठून आल्या. "साहेब, चौदा मुद्दे आहेत. देशाचा रकाना त्यांनी कोराच ठेवलाय. काय लिहू?"

"रकाना कोरा ठेवायचा नाही. माल कुठे जाणार? पश्चिम जर्मनी. तेच लिहा."

"चौदाही मुद्द्यांपुढं?"

"चौदाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि जाऊन टाइप केलं. दुपारभर मशीन फार आनंदात वाजत होती. मी सही केली, शिक्का उठवला. आज आठवणीने आणला होता.

१२ फेब्रुवारी, सोमवार

लाख आली. कप्पी खिडकीतून सोडवून मोहोरबंद केली. सितारामचा चेहरा उतरला, आता पुन्हा जिने. पाचवी आणि सहावी त्रुटी मागच्या महिन्यात निकालात निघाल्या. शेवटची राहिली, कारखान्याची स्थळपाहणी. ती प्रभाऱ्यानेच करायची, सरकारी वाहनाने. आमच्या वाट्याला जीप महिन्यातून एक दिवस येते आणि त्या दिवशी ती दुसऱ्या खात्याच्या साहेबांकडच्या लग्नाला जाते.

"साहेब, पोखर्णीला यष्टी हाय की," माणिकराव म्हणाला. "उतरलं की धा मिन्टावर भट्टी. तुमी एकदा बगा, मंग काय मनायचं ते मना."

एस.टी. आहे हे मला माहीत नाही का? परवाच आम्ही सहकुटुंब पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाऊन आलो. पण तो खासगी प्रवास. सरकारी डोळ्यांनी पाहायचं तर सरकारी जीपमधूनच जावं लागतं. जीप मिळाली की कळवतो म्हटलं.

२८ फेब्रुवारी, बुधवार

मुदतीचा शेवटचा दिवस. माणिकराव सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर होता. हातात परदेशी तिकिटाचं पत्र. दाखवू लागला, मी म्हटलं परक्या भाषेतला कागद मराठी तरजुम्याशिवाय मिसलीला लावता येत नाही. पत्र इंग्रजीतच होतं, आणि इंग्रजी मला येतं, पण नियम तो नियम.

"साहेब, आज बी जीप न्हाई का?"

"नाही."

"बरं," म्हणाला. भांडेल असं वाटलं होतं, भांडला नाही. जिना उतरताना एकदा थांबला, वर पाहिलं आणि गेला. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. जर्मन माणूस काही दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण ते लोक मुदतीच्या बाबतीत निर्दय असतात.

२० मार्च, मंगळवार

आयुष्यात पहिल्यांदा दिल्लीने माझं अभिनंदन केलं!

जकातेतर अडथळ्यांवरच्या एका अभ्यास गटाचं पत्र आलं. परभणीहून आलेला तक्ता देशात सर्वांत तपशीलवार निघाला म्हणे. त्यांनी तो आपल्या टिपणात जसाच्या तसा घेतला आहे आणि छापील प्रत पाठवली आहे. ती मी उभ्या-उभ्या वाचली. हे जर्मन! अर्जदाराला एका भेटीत एकच त्रुटी सांगतात, दुसरी राखून ठेवतात. अधिकारी शिक्का घरी विसरतो. अर्जदाराला दोन महिन्यांत एकदाही बसायला सांगत नाहीत. नमुना जमा करून घेतात आणि तो स्वतःच्या चहासाठी वापरतात. दाखल्यावरच्या बालपणीच्या नावावरून त्याला दोन माणसं ठरवतात. मोहोरेला लाख नाही म्हणून अर्ज अडवून ठेवतात.

माझं रक्त उसळलं. दोन महायुद्धं हरूनही यांची मिजास गेली नाही. चहासाठी! मी कुसुमबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "फारच वाईट लोक दिसतात." सितारामला एकाएकी खोकल्याची उबळ आली, तो बाहेर गेला.

गटाने लिहिलं आहे की हा पीडित निर्यातदार एप्रिलअखेर मुंबईच्या बैठकीत आम्हाला प्रत्यक्ष हवा. येण्या-जाण्याचं भाडं मिळेल. निमंत्रण स्वतः पोहोचवून पोच घ्यावी.

१७ एप्रिल, मंगळवार

जिनिव्हाच्या वाटाघाटी आटोपल्याचं पेपरात आलं. आता सगळे देश शिस्तीने वागणार आहेत. बैठक तोंडावर आली आणि दिल्लीची तार आली, म्हणून आज एस.टी.नेच पोखर्णीला गेलो. उतरल्यापासून भट्टी दहा मिनिटांवरच आहे.

माणिकरावची बायको कडूबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं. सूप खाली ठेवून ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग उठली, बाज टाकली, वर घोंगडी अंथरली आणि "बसा" म्हणाली. पाणी आणलं. उन्हाचं चालत आलो होतो, तांब्याभर प्यालो.

"ते न्हाईत. पुन्याला गेले, भोसरीला. म्हयना झाला कंपनीत लागून. भट्टीचं सामान इकलं, साचे तेवढे ऱ्हायलेत. ते कोन घेतंय?"

मी निमंत्रण काढलं. म्हटलं, बाई, जर्मनीने तुमच्या मालकांना फार छळलं, त्याची दिल्लीने दखल घेतली आहे. त्यांना मुंबईला बोलावलंय.

"जर्मनीनं छळलं?" ती म्हणाली. "साहेब, जर्मनीवाल्यानं तर तीन पत्रं धाडली. पयल्यात मनला, फेब्रुवारीत न्हाई जमलं तर मार्च धरा. दुसऱ्यात मनला, काय अडचन हाय ते सांगा, मी तुमच्या सरकारला लिवतो. तिसऱ्यात मनला, लय वाईट वाटलं. मास्तर वाचून दावायचे. पयलं पत्र तर हे तुमच्याकडंच घिऊन आलते. तुमी बगितलं न्हाई का?"

 निमंत्रणाला टिपणाची प्रत जोडली होती, ती उघडली. तेच चौदा मुद्दे. मला वाचता येतं, इंग्रजीसुद्धा येतं. तरी मार्चमध्ये हे वाचताना मला जर्मनी दिसली होती. आज त्या बाजेवर बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मीच दिसलो. चौथ्या रकान्यात माणिकरावने दिवसही लिहिले होते. जर्मनीचा मुद्दा एक, दिवस एक. बाकी तेरा मुद्द्यांचे पंचावन्न.

"भट्टी दाखवता का?" मी विचारलं.

तिने कुलूप काढलं. पत्र्याची शेड, झाडलेली जमीन, भिंतीला ओळीने लावलेले कप्पीचे साचे. हवा खेळती, आग विझवायची वाळू बादल्यांत भरलेली, सरकारी नमुन्यात जे जे विचारलं आहे ते सगळं होतं. पाहणीला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेरा मारण्यासारखं काही सापडलं नाही, आणि मी शोधलं, हेही लिहून ठेवतो. माझी मला लाज वाटली. एवढी कधी वाटली नव्हती.

"ते लय मनायचे," कुलूप लावताना कडूबाई म्हणाली, "साहेबायनी एकदा भट्टी बगितली ना, तर कागद हातात देऊनच जातेत."

निमंत्रणाची पोच म्हणून मी सवयीने शाईची गादी पुढे केली. तिने माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि सही केली, कडूबाई माणिकराव खिल्लारे, स्वच्छ, एकही काना-मात्रा न चुकता.

१८ एप्रिल, बुधवार

सकाळी आल्या-आल्या शिफारसपत्र लिहायला घेतलं. स्थळपाहणी केली, कारखाना सर्व दृष्टींनी योग्य, माल निर्यातीस लायक. तीन प्रती. कुसुमबाईंनी लगेच टाइप केलं. सही केली, शिक्का उठवला, कक्षाचा शिफारस क्रमांक एक घातला. चार वर्षांतली पहिली.

"कुटं धाडायचं, साहेब?" सितारामने पाकीट हातात घेऊन विचारलं. "पत्ता न्हाई टाकला."

पोखर्णीत भट्टी नाही. भोसरीचा पत्ता काल विचारायचा राहून गेला. हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्याने कप्प्या बहुधा दुसरीकडून घेतल्या असतील, त्याला आता हे कशाला?  सिताराम उभाच होता. त्याला बस म्हणालो, तर तो घाबरला.

"मंग जावक रजिष्टरात चढवू का?"

"चढव," म्हणालो.

त्याने चढवलं. पाकीट माझ्या खणात आहे. रजिस्टरात ते आज रवाना झालं.